दोन कागद : इ.स. २५० चा छळ आणि क्षमेवरून पेटलेला वाद

(धागा)

इजिप्तच्या फायूम भागातील अलेक्झांड्रू नेसोस हे खेडे. इ.स. २५०, जून महिन्याची २६ तारीख. ऑरेलियस डायोजेनिस नावाचा ७२ वर्षांचा वृद्ध गावच्या समितीपुढे एक अर्ज सादर करतो. अर्जात त्याचे नाव आहे, बापाचे नाव आहे, वय आहे आणि ओळखीची खूणही आहे : उजव्या भुवईवर व्रण. मजकूर थोडक्यात असा की, मी देवांना आजवर नेहमीच बळी देत आलो आहे. आज राजाज्ञेप्रमाणे तुमच्या देखत बळी दिला, मद्याची धार सोडली, प्रसाद चाखला. तरी तसा दाखला मिळावा.

हा पपायरस १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर इजिप्तच्या वाळूतून असेच चाळीसहून अधिक दाखले मिळाले. सगळे एकाच उन्हाळ्यातले, १२ जून ते १४ जुलै या काळातले. मजकूर इतका सारखा, की आजच्या सरकारी छापील नमुन्याची आठवण व्हावी. त्यातला एक दाखला तर पेटेसूखोस या मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे. जिचे आयुष्यच देवापुढे गेले, तिलाही ‘मी देवाला मानते’ असे लिहून द्यावे लागले!

अशा कागदाला लॅटिनमध्ये ‘लिबेलस’ म्हणत. अर्थ साधाच : लहानशी चिठ्ठी, अर्ज. पण त्याच वर्षी ख्रिस्ती मंडळींमध्ये याच नावाचा आणखी एक कागद फिरू लागला आणि त्याने सरकारी कागदापेक्षाही मोठे वादळ उठवले. हा धागा त्या दोन कागदांविषयी आणि त्यांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसांविषयी आहे.

आधी पार्श्वभूमी. २४८ मध्ये रोमने आपल्या स्थापनेचा सहस्राब्दी सोहळा साजरा केला. दिमाख मोठा होता, पण साम्राज्याची अवस्था बिकट होती. सीमेवर गॉथ टोळ्या, आत बंडाळी, सम्राटांचे खून. २४९ मध्ये डेसियस नावाच्या सेनानीने सत्ता घेतली. देव रुष्ट झाले आहेत, त्यांना संतुष्ट केल्यावाचून राज्य सावरणार नाही, ही त्या काळातली अगदी सर्वसामान्य समजूत. डेसियसने फर्मान काढले की साम्राज्यातील प्रत्येकाने देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. ज्यूंना त्यांच्या प्राचीन धर्मामुळे यातून सूट होती.

फर्मानाचा मूळ मजकूर आज उपलब्ध नाही. ते ख्रिस्ती लोकांना डोळ्यासमोर ठेवूनच काढले होते का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मला स्वतःला पुजारिणीचा तो दाखला बोलका वाटतो. सर्वांकडून निष्ठेचा पुरावा घ्यायचा हा बेत असावा. ख्रिस्ती लोक त्या जाळ्यात सापडले. सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी, २१२ मध्ये, कॅराकॅलाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले होते. आता त्याच नागरिकत्वाची वसुली सुरू झाली, असे म्हणता येईल.

रोमचा बिशप फेबियन २० जानेवारी २५० रोजी मारला गेला. पण बहुसंख्य ख्रिस्ती लोकांपुढे आलेली गोष्ट मृत्यूपेक्षा कितीतरी सोपी होती. चिमूटभर धूप. मांसाचा एक घास. बस्स, मग घरी जा.

आणि लोक गेले.

उत्तर आफ्रिकेतील कार्थेज (आजच्या ट्युनिशियात) हे साम्राज्यातील मोठ्या शहरांपैकी एक. तिथल्या टेकडीवरील देवळाकडे ख्रिस्ती लोकांची रीघ लागली. इतकी की संध्याकाळ झाल्यावर अधिकारी ‘उद्या या’ म्हणू लागले आणि लोक ‘आजच उरकून घ्या’ अशी विनवणी करू लागले. हे कोणा ख्रिस्तद्वेष्ट्याने लिहिलेले नाही; खुद्द तिथल्या बिशपने लिहिले आहे. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियसही असेच चित्र रेखाटतो. कोणी पांढरेफटक पडून थरथरत वेदीकडे चालले होते, जणू बळी द्यायला नव्हे, स्वतःच बळी जायला निघाले होते. पाहणारे हसत होते. कोणी मात्र धीटपणे पुढे होऊन ‘मी कधी ख्रिस्ती नव्हतोच’ असे सांगत होते.

या लोकांना ‘लाप्सी’ म्हणजे ‘घसरलेले’ हे नाव पडले. त्यांत प्रकार होते. प्रत्यक्ष बळी देणारे, फक्त धूप टाकणारे, आणि लाच देऊन खोटा दाखला मिळवणारे. या तिसऱ्या वर्गाचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. त्यांपैकी काहींनी अधिकाऱ्याला स्पष्ट सांगितले होते की मी ख्रिस्ती आहे, बळी देणे मला वर्ज्य आहे, म्हणून पैसे घ्या पण ते काम माझ्याकडून करवून घेऊ नका. वेदीला हात न लावल्यामुळे आपला धर्म राहिला, अशी त्यांची समजूत होती. आपल्याकडे ‘बाटला’ हा एकच शब्द सरसकट वापरून मोकळे होण्याची सवय आहे. बाटण्याच्याही किती तऱ्हा असतात, हे या प्रकरणात दिसते.

एका स्त्रीची हकिगत तर चटका लावणारी आहे. बोना तिचे नाव. नवऱ्याने तिला वेदीपर्यंत ओढत नेले. तिथे तिचे हात धरून ते कृत्य करवून घेतले गेले. ती ओरडत राहिली की हे मी केलेले नाही, तुम्ही केले आहे. तिला हद्दपार करण्यात आले. मग ती घसरलेली की टिकून राहिलेली? काल्डोनियस नावाच्या बिशपला तिच्याविषयी आणि पहिल्यांदा बळी देऊन दुसऱ्या चौकशीत ठाम राहिलेल्या आणखी काही जणांविषयी पत्र लिहून विचारणा करावी लागली, यातच सगळा गोंधळ आला.

ही विचारणा ज्याच्याकडे आली, तो कार्थेजचा बिशप सिप्रियन. पूर्ण नाव थॅशियस सिसिलियस सिप्रियानस. श्रीमंत घराणे, वक्तृत्वाचा नामांकित शिक्षक, आणि ख्रिस्ती होऊन जेमतेम दोन-तीन वर्षे झालेली असताना बिशपपदी निवडला गेलेला. त्यामुळे काही ज्येष्ठ धर्मगुरू आधीच नाराज होते.

आता पेच पाहा. छळ सुरू होताच कार्थेजच्या जमावाने ‘सिप्रियनला सिंहापुढे टाका’ अशी ओरड केली, त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि सिप्रियन शहर सोडून अज्ञातवासात गेला. तिथून वर्षभर तो पत्रांतून कारभार पाहत होता. त्याच्या पत्रव्यवहारातील ऐंशीहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत (काही त्याला आलेली), आणि त्यांच्यामुळेच ही सगळी कथा आपल्याला इतक्या बारकाईने कळते. जे शहरात राहिले त्यांतले काही मेले, काही तुरुंगात पडले, पुष्कळ घसरले. जो निसटला, त्याला घसरलेल्यांचा न्याय करायचा होता.

ही बोच त्याच्या समकालीनांच्या लक्षात आली नसती तरच नवल. रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजच्या धर्मगुरूंना पाठवलेल्या पत्रात कळप सोडून पळणाऱ्या मेंढपाळाविषयी खोचक उल्लेख होता. सिप्रियनच्या हाती ते पत्र आले तेव्हा त्याने ते रोमला परत धाडले. सोबत निरोप असा की यावर पाठवणाऱ्याचे नाव नाही, आणि अक्षर, मजकूर, इतकेच काय तो कागदही पाहून शंका येते. हे खरोखर तुमचेच आहे का, पाहून कळवावे. इतक्या थंड शब्दांत कोणाला इतके झोंबणारे उत्तर दिले गेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही. स्वतःच्या बचावात तो एवढेच म्हणे की छळाच्या वेळी दूर जाण्याची परवानगी खुद्द ख्रिस्तानेच दिली आहे, आणि आपण शहरात राहिलो असतो तर मंडळीवरचा रोष वाढला असता.

दरम्यान कार्थेजच्या तुरुंगात वेगळेच घडत होते. तिथे असे ख्रिस्ती लोक होते ज्यांनी छळ सोसूनही निष्ठा सोडली नव्हती. त्यांना ‘कन्फेसोर’, म्हणजे उघड कबुली देणारे, म्हणत. ल्युशियन नावाच्या कैद्याने लिहिलेल्या पत्रात या कोठड्यांचे वर्णन आहे : उकाडा, उपासमार, तहान, आणि भुकेने मेलेल्या साथीदारांची नावे. अशा माणसांना मंडळीत अपार मान असणे स्वाभाविकच होते. त्यांच्या प्रार्थनेला देवाघरी वजन आहे, ही श्रद्धा जुनी होती.

घसरलेले लोक या कैद्यांकडे जाऊ लागले. कैदी त्यांना चिठ्ठी देऊ लागले : अमुक व्यक्तीला शांती द्यावी, मंडळीत परत घ्यावे. हा दुसरा ‘लिबेलस’. पहिला कागद सांगे की या माणसाने देवांना बळी दिला. दुसरा सांगे की या माणसाला क्षमा झाली. काही जणांच्या हाती तर दोन्ही कागद असणार!

सुरुवात संयमाची होती. मॅप्पॅलिकस नावाच्या हुतात्म्याने मरणापूर्वी फक्त आपल्या घसरलेल्या आई आणि बहिणीसाठी शांती मागितली. पॉलस नावाच्या दुसऱ्या हुतात्म्याने मात्र ल्युशियनला सांगून ठेवले की माझ्यामागे जो कोणी शांती मागेल, त्याला माझ्या नावाने दे. ल्युशियनने हे अक्षरशः पाळले. ऑरेलियस नावाच्या एका तरुणाने छळ सोसला होता, पण त्याला लिहिता येत नव्हते. त्याच्या नावानेही ल्युशियनने पुष्कळ चिठ्ठ्या लिहून दिल्या. सिप्रियनची तक्रार अशी की चिठ्ठीवर ‘अमुक, त्याच्या माणसांसह’ एवढेच लिहिलेले असते. ‘त्याच्या माणसांत’ वीस-तीस जणही निघतात. हजारोंनी चिठ्ठ्या वाटल्या जात आहेत, असे तो लिहितो. शेवटी ल्युशियन आणि साथीदारांनी थेट जाहीर केले की आम्ही सर्वांना शांती दिली आहे, बिशपांनी ती अमलात आणावी. काही गावांत जमावाने धर्मगुरूंवर दडपण आणून ती शांती तिथल्या तिथे वसूल केली.

याच ल्युशियनला रोमहून सेलेरिनस नावाच्या कन्फेसोरचे एक पत्र आले होते. आपल्या घसरलेल्या भगिनींसाठी तो शांती मागतो. त्या दुःखात ईस्टरचा सण आपण अहोरात्र रडून काढला, असे तो सांगतो. त्यांतली एक पैसे देऊन सुटली होती. रोमच्या फोरममध्ये ‘त्रिया फाता’ नावाची जागा होती, तिथपर्यंत ती चढून गेली आणि तिथून माघारी वळली. आता या भगिनी कार्थेजहून रोमला आलेल्या पासष्ट निर्वासित ख्रिस्ती लोकांची सेवा करत होत्या. सेलेरिनसचा युक्तिवाद हाच : एकदा पाय घसरला खरा, पण आता त्या काय करताहेत ते पाहा. सबंध प्रकरणातला मला सर्वांत जिवंत वाटणारा कागद हाच.

सिप्रियनसमोर दोन प्रश्न होते आणि ते एकमेकांत गुंतलेले होते. पहिला, देवाला नाकारण्याच्या पापाला क्षमा आहे का? याच कार्थेजमध्ये पूर्वीच्या पिढीतला लेखक टर्टुलियन होऊन गेला. बाप्तिस्म्यानंतर पुन्हा पाप झाले तर पश्चात्ताप म्हणजे जहाज फुटल्यावर हाती लागलेली फळी, असे तो आधी म्हणे. ती फळी एकदाच मिळते, दुसऱ्यांदा नाही. पुढे तो अधिक कडक झाला आणि मूर्तिपूजा, व्यभिचार, खून यांना क्षमा करण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाहीच, असे सांगू लागला. दुसरा प्रश्न अधिक टोकदार होता. क्षमा द्यायची तर ती द्यायची कोणी? ज्याने सोसले त्याने, की ज्याच्याकडे पद आहे त्याने?

सिप्रियनचे उत्तर : घाई नको. छळ थांबू द्या, बिशप एकत्र येऊ द्या, प्रत्येकाची बाजू ऐकू द्या. दरम्यान मरणासन्न माणसाकडे हुतात्म्याची चिठ्ठी असेल तर त्याला शांती द्या. आणि ज्याला अजिबात थांबवत नाही, त्याच्यासाठी लढाई अजून सुरूच आहे. त्याने जाऊन निष्ठा जाहीर करावी! हे शेवटचे वाक्य अज्ञातवासातून लिहिलेले आहे, हे ध्यानात ठेवून वाचले की ते जरा कानाला खटकते.

२५१ च्या जूनमध्ये अब्रिटसच्या लढाईत डेसियस गॉथांच्या हातून मारला गेला. छळ त्याआधीच ओसरला होता. वसंतात सिप्रियन कार्थेजला परतला आणि आफ्रिकेतील बिशपांची परिषद भरली. निर्णय मधला मार्ग काढणारा होता. केवळ दाखला घेणाऱ्यांची प्रकरणे एकेक तपासून, प्रायश्चित्त झालेल्यांना परत घ्यावे. प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे; त्यांना मृत्युशय्येवर तरी शांती मिळेल. प्रायश्चित्त म्हणजे काय, तर उपास, गोणपाट आणि राख, मंडळीसमोर पापांगीकार, आणि अखेरीस बिशप व धर्मगुरू मस्तकावर हात ठेवतील तेव्हाच प्रभुभोजनात पुन्हा वाटा.

पण निर्णयापेक्षा त्यामागची कारणमीमांसा महत्त्वाची आहे. अँटोनियानस नावाच्या बिशपला सिप्रियनने लिहिलेल्या लांबलचक पत्रात ती सापडते. तो म्हणतो, पहिल्या हाकेला आपणहून धावत गेलेला आणि बराच काळ झगडून नाइलाजाने गेलेला, हे दोघे एकाच तराजूत कसे घालता येतील? एकाने स्वतःबरोबर बायको-मुले, नोकर सगळ्यांना वेदीकडे लोटले. दुसऱ्याने सगळ्यांच्या वतीने एकट्याने ते पाप पत्करले, घरच्यांना आणि कुळांना वाचवले, आणि परागंदा झालेल्या बांधवांना आपल्या घरात आसरा दिला. सगळी पापे सारखीच, हे स्टोइक तत्त्वज्ञांचे मत. ख्रिस्ती माणसाने ते स्वीकारू नये. एखाद्या न्यायाधीशाच्या निकालपत्रात शोभावे असे हे विवेचन आहे. त्यात एक व्यावहारिक भीतीही आहे : दार कायमचे लावून घेतले तर हे लोक जुन्या धर्माकडे तरी जातील किंवा एखाद्या फुटीर गटाकडे.

फुटीर गट तयार झालेच होते. कार्थेजमध्ये फेलिसिसिमस आणि काही धर्मगुरूंनी घसरलेल्यांना विनाप्रायश्चित्त परत घ्यायला सुरुवात केली आणि पुढे स्वतःचा वेगळा बिशपही नेमला. रोममध्ये नेमके उलट घडले. तिथे मार्च २५१ मध्ये कॉर्नेलियस बिशप झाला; तो परत घेण्याच्या बाजूचा. त्याच्या विरोधात नोव्हेशियन उभा राहिला. हा विद्वान माणूस, त्रैक्यावरील एका महत्त्वाच्या लॅटिन ग्रंथाचा कर्ता. रोमचे बिशपपद रिकामे असताना सिप्रियनला ‘तुमचे बरोबर आहे, थांबू या’ असे कळवणारे सुंदर पत्र याच नोव्हेशियनने लिहिले होते! आता त्याची भूमिका : घसरलेल्यांनी जन्मभर पश्चात्ताप करावा, देव त्यांना क्षमा करीलही, पण ख्रिस्तसभेने ती देऊ नये.

नोव्हेशियनला निर्दय ठरवून पुढे जाणे सोपे आहे. पण ज्यांचे आप्त तुरुंगात भुकेने मेले, त्यांच्या बाजूने विचार करून पाहा. शेजारी धूप टाकून घरी गेला, वर्षभराने राख फासून आला, आणि आता प्रभुभोजनाला माझ्या शेजारी बसणार? मग माझ्या भावाच्या मरणाला अर्थ काय राहिला? नोव्हेशियनला मिळालेला पाठिंबा अशाच दुखऱ्या जागेतून आला असला पाहिजे. कॉर्नेलियसने मात्र त्याच्यावर आरोप केला की छळाच्या काळात हाच माणूस खोलीत दडून बसला होता आणि मदतीला बोलावले तेव्हा बाहेर आला नाही. हा विरोधकाचा आरोप आहे, तेवढ्याच बेताने घ्यावा.

कॉर्नेलियसच्या याच पत्रातून, जे युसेबियसने आपल्या इतिहासात जपले, त्या वेळच्या रोमच्या मंडळीचा आकार कळतो : ४६ धर्मगुरू, ७ डीकन, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व गरजू मिळून १५०० हून अधिक. क्षमेचा वाद या एवढ्या पसाऱ्यात चालला होता. एखाद्याला बाहेर ठेवणे म्हणजे त्याला केवळ एका विधीपासून दूर ठेवणे नव्हते. अन्न, आधार, नाती, मरताना जवळ असणारी माणसे या सगळ्यांपासून तोडणे होते.

मरतानाची एक गोष्ट डायोनिसियसने सांगितली आहे. अलेक्झांड्रियात सेरापियन नावाचा वृद्ध होता. आयुष्यभर निर्दोष जगला आणि छळात घसरला. पुन्हा पुन्हा क्षमा मागितली. कोणी लक्ष दिले नाही, कारण त्याने बळी दिला होता. मग तो आजारी पडला. तीन दिवस वाचा गेली, शुद्ध गेली. चौथ्या दिवशी थोडे सावरून त्याने नातवाला सांगितले की धर्मगुरूला बोलावून आण. मुलगा धावला. रात्र होती, धर्मगुरू स्वतः आजारी होता, त्याला येता येईना. मरणाऱ्याने मागितली तर शांती नाकारू नये, असा डायोनिसियसचा आदेश होता. धर्मगुरूने प्रभुभोजनाच्या भाकरीचा लहानसा तुकडा मुलाच्या हाती दिला. भिजवून म्हाताऱ्याच्या तोंडात घाल म्हणाला. मुलगा परतला. आजोबांनी त्याला येताना ओळखले. त्याने तुकडा भिजवून तोंडात घातला, म्हाताऱ्याने तो गिळला आणि प्राण सोडला.

डायोनिसियसने ही गोष्ट लिहून पाठवली ती अंत्युखियाच्या फेबियस या बिशपला, आणि या फेबियसचा कल नोव्हेशियनकडे होता. युक्तिवाद करण्याऐवजी त्याने नातवाच्या मुठीतला तो तुकडा दाखवला.

यानंतर घटना वेगाने घडल्या. साम्राज्यात भीषण साथ पसरली होती. आज ती ‘सिप्रियनची साथ’ म्हणूनच ओळखली जाते, कारण तिची लक्षणे त्याने नोंदवली. त्याचा चरित्रकार पॉन्शियस सांगतो की सिप्रियनने मंडळीला गोळा करून आजाऱ्यांची शुश्रूषा करायला लावली आणि ती फक्त आपल्याच माणसांची नव्हे, असे बजावले. त्यात नव्या छळाची चाहूल लागली. तेव्हा आफ्रिकेच्या बिशपांनी आपला आधीचा निर्णय बदलला. ४२ बिशपांच्या नावाने कॉर्नेलियसला पत्र गेले : जे मंडळी सोडून गेले नाहीत आणि घसरल्या दिवसापासून पश्चात्ताप करत आहेत, त्या सर्वांना आता शांती द्यावी, बळी देणाऱ्यांनाही. ज्याला उद्या रणात उतरायला सांगायचे, त्याला आज निःशस्त्र कसे ठेवायचे, हा त्यांचा सवाल होता.

म्हणजे दोनेक वर्षांत ‘मृत्युशय्येवरच क्षमा’ इथून ‘लढायला परत या’ इथपर्यंत ख्रिस्तसभा आली. यात करुणा होती तसे राजकारणही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. हुतात्म्यांच्या चिठ्ठ्यांची सद्दी संपली आणि क्षमेची किल्ली बिशपांच्या हाती आली, ती पुढच्या शतकांसाठी. सर्वांनाच एकदम परत घेतले असेही नाही. इटलीत ट्रोफिमस नावाचा एक धर्मगुरू आपल्या सगळ्या अनुयायांसह घसरला आणि सगळ्यांना घेऊनच परत आला. त्याला स्वीकारले, पण साधा सभासद म्हणून. पद परत मिळाले नाही. क्षमा आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिसऱ्या शतकातल्या माणसांना नीट कळत होते.

२५७ मध्ये सम्राट व्हॅलेरियनने पुन्हा छळ आरंभला. या वेळी सिप्रियनला पळता आले असते. मित्रांनी लपण्याच्या जागाही सुचवल्या होत्या. १४ सप्टेंबर २५८ रोजी कार्थेजमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. आपला वध करणाऱ्याला पंचवीस सोन्याची नाणी द्यावीत, असे त्याने आपल्या माणसांना सांगितल्याची नोंद आहे.

नोव्हेशियनचे अनुयायी स्वतःला ‘शुद्ध’ म्हणवून घेत आणि पुढे काही शतके टिकून राहिले. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेने त्यांना परत घेण्यासाठी वेगळा नियमच केला. त्यांचा बिशप अकेसियस याने कॉन्स्टंटाइनला आपली कडक तत्त्वे समजावून सांगितली, तेव्हा सम्राट म्हणाला म्हणे की अकेसियस, एक शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढून जा.

कार्थेजमध्ये तोवर तोच वाद नव्या रूपात उभा राहिला होता. ३०३ च्या छळात काही धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले होते. हवाली करणारा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच पुढे इंग्रजीतला ‘ट्रेटर’ आला. अशांच्या हातून झालेले विधी वैध मानावेत का, यावरून आफ्रिकेची ख्रिस्तसभा शंभर वर्षांहून अधिक काळ दुभंगून राहिली. डोनॅटिस्ट म्हणत, सिप्रियन आमचा. ऑगस्टीन म्हणे, सिप्रियन आमचा. आणि दोन्ही बाजूंची माणसे त्याचा स्मरणदिन भक्तिभावाने पाळत, आपापल्या वेगळ्या देवळांत.